काच हाताला उत्तर देईल असं करा: फोन, टचपॅड आणि ब्रेल पट्टी लावण्याची पद्धत

वखराच्या रुमण्यावर हात असलेल्या माणसाला जमिनीकडे सारखं पाहावं लागत नाही. पासेखाली दगड आला, जुन्या पऱ्हाटीचं मूळ अडकलं, ओल संपून कडक थर लागला, हे लाकडातून हाताला आधी कळतं. वेचणीच्या बाईची बोटंही तशीच. नजर पुढच्या झाडावर असते आणि बोंड पुरतं फुटलं आहे की कवडी आहे ते बोटांनी ओळखलेलं असतं. असे हात आपण मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर ठेवायला सांगतो. मग "यांना जमत नाही" म्हणून फोन स्वतःच्या हातात घेतो.

यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी लोकांची ऑनलाइन कामं करून देतो. माझे बाबा पीकपेरा नोंदवायला बसले की म्हणायचे, "हे काच मले वयखतच नाही बाबू." ते चुकीच्या जागी दाबत असतील असं मी धरून चाललो होतो. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात हे कळायला मला दोन हंगाम लागले. एक, काचेला बोट लागतच नाही. दोन, काचेला बोट लागतं, पण लागलं हे ती बोटाला सांगत नाही. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि पहिली अडचण सोडवल्याशिवाय दुसरीला हात घालण्यात अर्थ नाही. खालच्या पायऱ्या म्हणून याच क्रमानं लिहिल्या आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन लावून देणारी मुलंमुली, सेवा केंद्र चालवणारे आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या घरचे, सगळ्यांच्या कामी याव्यात.

पहिली पायरी: तक्रार कोणती ते डोळ्यांनी पाहा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, अबाउट फोनमध्ये जा आणि बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवा. काही फोनांत हा नंबर सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत असतो. आता डेव्हलपर ऑप्शन्स नावाचा नवा विभाग दिसेल. त्यात "शो टॅप्स" चालू करा. यापुढे काचेला जिथे स्पर्श कळेल तिथे एक पांढरा ठिपका उमटतो.

फोन त्या माणसाच्या हातात द्या आणि नेहमीचं एखादं काम करायला सांगा. मध्ये बोलू नका, हात पुढे करू नका, फक्त ठिपका बघा. बोट टेकलं आणि ठिपका आलाच नाही, तर काचेला बोट लागत नाही. ठिपका येतो, काम होतं, तरी माणूस पुन्हा पुन्हा दाबतो, तर त्याला उत्तर मिळत नाही. ठिपका बटणाच्या जरा खाली पडतो, तर अंगठ्याचा जाड भाग टेकतो आहे. ठिपका बराच वेळ राहतो आणि भलतीच यादी उघडते, तर बोट उचलायला उशीर होतो आणि फोन त्याला लाँग प्रेस समजतो. बाबांच्या बाबतीत दहातल्या चार वेळी ठिपकाच येत नव्हता, आणि इतके दिवस मी त्यांना नीट दाबायला शिकवत होतो.

काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्स आठवणीनं बंद करा. ते चालू असेल तर बँकांची काही ॲप उघडत नाहीत.

दुसरी पायरी: काचेला बोट लागू द्या

आजच्या फोनची काच दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची जाळी असते आणि तिथे अगदी क्षीण विद्युत क्षेत्र तयार केलेलं असतं. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे बोट वीज वाहून नेतं. ते जवळ आलं की त्या जागचं क्षेत्र किंचित बदलतं आणि तेवढ्या बदलावरून फोन जागा ओळखतो. कातडी कोरडी, जाड आणि भेगाळलेली असली की हा बदल फार लहान होतो. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात आणि मे महिन्यात उन्हानं सुकतात. या दोन्ही काळात तक्रारी वाढतात, त्यामागे हेच कारण आहे. नखानं दाबून काही होत नाही आणि जोरात दाबूनही फारसं होत नाही.

उपाय सोपे आहेत. हात धुऊन पुसायला सांगा. ओल्या फडक्यावर बोट क्षणभर टेकवून मग काचेवर ठेवलं तरी फरक दिसतो. बोटाचं टोक टेकवण्याऐवजी पेराचा मांसल भाग टेकवावा. तर्जनी आणि अंगठ्यावर सगळ्यात जास्त घट्टे पडलेले असतात, म्हणून अनामिका वापरून बघा. बाबा आता अनामिकेनंच फोन चालवतात. रात्री हाताला ग्लिसरीन किंवा व्हॅसलिन लावलं तर आठवडाभरात कातडी नरम पडते. फक्त चिकट हातानं लगेच फोन धरू नये.

एक गोष्ट मात्र कधीच करू देऊ नका. बोट जिभेला लावून ओलं करायची सवय पुष्कळांना असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. वावरात फवारणी चालू असताना हात साबणानं धुतल्याशिवाय फोनही नको आणि जिभेला बोट तर मुळीच नको.

मग काचेकडे या. बाजारातला जाड स्वस्त गार्ड लावला की बोट आणि जाळी यांतलं अंतर वाढतं. पातळ गार्ड लावा. अनेक फोनांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी किंवा स्क्रीन प्रोटेक्टर मोड असतो, तो चालू करा. लाँग प्रेसचा त्रास असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये "टच अँड होल्ड डिले" शोधून तो लाँगवर ठेवा. आयफोनमध्ये हेच काम ॲक्सेसिबिलिटी, टच, हॅप्टिक टच इथे होतं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत "टच" लिहून बघणं सगळ्यात जलद. एवढ्यानं भागलं नाही तर रबरी टोकाचा टचपेन आणा. साधं काडीसारखं पेन चालत नाही, त्याचं टोक वीज वाहणारं असावं लागतं.

तिसरी पायरी: चार्जर काढून बघा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात. फोन चार्जिंगला असताना आपोआप भलतीकडे दाबला जातो, अक्षरं दोनदा उमटतात, यादी आपोआप सरकते. फोन बिघडला म्हणून लोक तालुक्याला घेऊन जातात. आधी वायर काढा. त्रास तिथेच थांबला तर दोष चार्जरचा किंवा घरच्या विजेचा आहे.

हलक्या चार्जरमधून येणाऱ्या विजेत फार गडबड असते. काचेखालची जाळी अतिशय सूक्ष्म बदल मोजत असते, आणि ही गडबड तिला बोटासारखीच भासते. चांगल्या चार्जरमध्ये ती गाळलेली असते. म्हणून फोनचा मूळ चार्जर वापरा आणि नोंदणीसारखं महत्त्वाचं काम वायर काढून करा.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक भर पडते. धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील आणि टचपॅडवरचा बाण थरथरत असेल, तर अर्थिंग नाही असं समजा. तीन पिनांचा ॲडाप्टर दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेला असतो, नाहीतर तिसऱ्या भोकामागे तारच नसते. तार असलीच तरी कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. आमच्या केंद्रात एप्रिल ते जून या काळात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. हे केल्यापासून बाण थरथरायचा थांबला. झिणझिण्या जास्तच असतील, झटका बसत असेल, तर वायर काढून वायरमनला बोलवा. तिथे स्वतः हात घालू नका.

चौथी पायरी: काचेला उत्तर द्यायला लावा

आता काचेला बोट लागतं आहे. पुढचा प्रश्न, ते लागलं हे बोटाला कसं कळावं? फोनमध्ये त्यासाठी कंपन असतं.

हे कंपन मुख्यतः दोन प्रकारच्या मोटरींनी केलेलं असतं. एका प्रकारात इवलीशी मोटर असते आणि तिच्या दांड्याला एकाच बाजूला वजन लावलेलं असतं. ती फिरली की सगळा फोन हलतो. तिला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही, म्हणून उत्तर लांबतं, घुंई असं येतं. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या जोरावर पुढेमागे हलतं. ते लगेच सुरू होतं आणि लगेच थांबतं. बोटाला टिचकी मारल्यासारखं वाटतं. कातडीत खोलवर असलेल्या काही संवेदनाग्राहक सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपनांना सगळ्यात तल्लखपणे दाद देतात, आणि या स्प्रिंगवाल्या मोटरी त्याच्या आसपासच चालतात.

नवा फोन घेताना दुकानात याची परीक्षा करा. कीबोर्डचं कंपन चालू करून भराभर दहा अक्षरं टाइप करा. प्रत्येक अक्षराची टिचकी सुटी सुटी जाणवली तर मोटर चांगली. सगळ्या मिळून एकच गुणगुण होत असेल तर तो फोन बाजूला ठेवा. वडीलधाऱ्यांसाठी फोन घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा मी या परीक्षेला जास्त किंमत देतो.

हातातला फोन लावायचा असेल तर तीन जागी बघावं लागतं. सेटिंग्जमध्ये साउंड अँड व्हायब्रेशनच्या आत व्हायब्रेशन अँड हॅप्टिक्स असतं. तिथे टच फीडबॅक चालू करा आणि जोर वाढवण्याची पट्टी असेल तर मध्याच्या थोडी पुढे ठेवा. दुसरी जागा कीबोर्ड. जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, प्रेफरन्सेसमध्ये की दाबल्यावरचं कंपन आणि त्याचा जोर वेगळा ठरवता येतो. आयफोनमध्ये कीबोर्डचं कंपन २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आलं. ते साउंड्स अँड हॅप्टिक्समधल्या कीबोर्ड फीडबॅकमध्ये मिळतं. तिसरी जागा बॅटरी सेव्हर. बऱ्याच फोनांत तो चालू झाला की स्पर्शाचं कंपन गुपचूप बंद होतं. "सकाळी लागत होतं, आता लागत नाही" असं कुणी म्हणालं तर आधी बॅटरी किती आहे ते विचारा.

एक काम न विसरता करा: मेसेज आणि इतर सूचनांचं कंपन बंद करा, फक्त फोन येतो तेव्हाचं राहू द्या. नाहीतर माणूस बटणावर बोट ठेवतो, त्याच क्षणी कुणाचा तरी सुप्रभात येऊन फोन थरथरतो, आणि त्याला वाटतं बटण दाबलं गेलं. हाताला मिळणारं उत्तर विश्वासाचं असलं पाहिजे. एकदा खोटं ठरलं की तो हात पुन्हा त्यावर भरवसा ठेवत नाही. जाड रबरी कव्हरही कंपन खाऊन टाकतं, ते बदला.

काही हातांना मात्र कंपन लागतच नाही. जुना मधुमेह असतो, किंवा कुष्ठरोगानं नसा गेलेल्या असतात. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्या आपल्या भागात असे हात परके नाहीत. त्या माणसाला डोळे मिटायला सांगा, फोन तळहातावर ठेवा आणि कंपन सुरू झालं की सांगायला सांगा. कळलं नाही तर हट्ट करू नका. टच साउंड आणि कीबोर्डचा आवाज चालू करून त्याला कानावर आणा.

पाचवी पायरी: टिकल्यांच्या खुणा

कीबोर्डच्या एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटा असतो. साध्या मोबाइलच्या ५ या आकड्यावरही असतो. बघायचं काम न ठेवता बोटांना जागा कळावी म्हणून ती सोय आहे. टचफोनवर तीच सोय टिकलीनं करता येते. फुगीर टिकली कव्हरच्या कडेवर, पॉवर बटणाशेजारी चिकटवा. ज्या बटणावर रोज काम पडतं, म्हणजे तळओळीतलं फोन लावायचं चिन्ह, त्याच्या अगदी बाजूला गार्डवर पारदर्शक उंच ठिपका लावा. धातूची किंवा चमकीची टिकली काचेवर नको. लॅपटॉपवर एंटर आणि एस्केपवर टिकली लावली की अर्धं काम होतं. घामानं ती पडते, महिन्याला बदलावी लागते.

सहावी पायरी: लॅपटॉपचा टचपॅड

आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांचा टचपॅड वरच्या कडेला बिजागरीवर बसवलेला असतो. खालून दाबला की खट् वाजतो, वरच्या बाजूनं दाबला जात नाही. दुसरा प्रकार हॅप्टिक, म्हणजे कंपनानं उत्तर देणारा टचपॅड. ॲपलनं २०१५ मध्ये मॅकबुकमध्ये तो आणला आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओत तो २०२१ मध्ये आला. ॲपलच्या टचपॅडमध्ये पट्टी खाली जातच नाही. कोपऱ्यांतले सेन्सर दाब मोजतात आणि विद्युतचुंबक पट्टीला आडवा बारीक झटका देतो. बोटाला मात्र खाली दाबल्यासारखंच वाटतं. लॅपटॉप बंद करून दाबून बघा. एक खट् सुद्धा येत नाही, हीच त्याची ओळख. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड इथे संवेदनशीलता बदलता येते, आणि हॅप्टिक असेल तर फीडबॅकचा जोरही. मॅकमध्ये क्लिक हलकी, मध्यम, घट्ट अशी निवडता येते.

हॅप्टिकमध्ये खाली-वर होणारा भाग नसल्यामुळे सोयाबीनच्या मळणीची धूळ फटीत जाऊन खट् बंद पडण्याचा त्रास कमी. पण तेवढ्यासाठी महागडा लॅपटॉप घ्या असं मी सांगणार नाही. वडीलधाऱ्यांना वायरचा माउस द्या. त्याच्या बटणासारखं स्वच्छ उत्तर कुठलाच टचपॅड देत नाही. बिजागरीवाला टचपॅड असेल तर लॅपटॉप बंद करून, तिरका धरून फटीतून मऊ ब्रश फिरवा.

टचपॅड अचानक कडक झाला, वर उचलल्यासारखा दिसला, खट् बसेना, तर त्याखालची बॅटरी फुगलेली असू शकते. पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात, दिवसरात्र चार्जिंगवर राहिलेल्या लॅपटॉपात याची भीती जास्त. तो दाबून सपाट करायला जाऊ नका, पिन टोचू नका, चार्जर काढा, बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सातवी पायरी: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टॉकबॅक

दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकदम तीन सेकंद दाबून ठेवली की टॉकबॅक, म्हणजे काचेवरचं बोलून सांगणारी अँड्रॉइडची सोय, सुरू होतो. पहिल्यांदा तो चालू करायचा का, असं फोन विचारतो. त्यानंतर काचेची भाषा बदलते. एकदा बोट लावलं की फोन त्या जागेचं नाव बोलतो, आणि उघडायचं असेल तर पटकन दोनदा टेकवायचं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान सरकवायला दोन बोटं लागतात. बोट काचेवर फिरवत नेलं की एका चिन्हावरून दुसऱ्यावर जाताना हलकी टिचकी बसते, म्हणून टॉकबॅकच्या सेटिंगमधलं व्हायब्रेशन चालू आहे ना ते बघा. बोलणं मराठीत हवं तर गूगलच्या टेक्स्ट टू स्पीचमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या. हे नेट चांगलं असेल तिथे करा.

शिकवताना त्या माणसाचा हात धरून फिरवू नका. तुमच्या हातावर त्याचा हात ठेवू द्या, आधी तुम्ही करा, मग हात काढून घ्या. पहिले दोन दिवस फक्त उजवीकडे सरकवणं आणि दोनदा टेकवणं, एवढंच. केंद्रावर कुणी "फोन भारल्यासारखा झाला, बोलतो आणि उघडत नाही" म्हणत आला, तर बहुधा खिशात दोन्ही बटणं दाबली जाऊन टॉकबॅक सुरू झालेला असतो. तीच बटणं तीन सेकंद दाबा.

आठवी पायरी: ब्रेल पट्टी

ऐकून कळतं, पण शुद्धलेखन ऐकून येत नाही. "शीर" आणि "शिर" यांतला फरक कानाला निसटतो, बोटाला निसटत नाही. म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींना ब्रेल हवंच. ताजी होत राहणारी ब्रेल पट्टी म्हणजे एका ओळीत मांडलेल्या ठिपक्यांच्या खिडक्या. संगणक पाठवेल तसे ठिपके वर येतात आणि खाली जातात. जुन्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याखाली वीज दिली की वाकणारी सिरॅमिकची पट्टी असते, त्यामुळे किंमत फार चढते. ऑर्बिट रीडर २० या पट्टीत वेगळी रचना वापरून ती पुष्कळ खाली आणली गेली. त्यात २० खिडक्या आहेत, मेमरी कार्डावरची पुस्तकं वाचता येतात आणि ते यूएसबी किंवा ब्लूटूथनं जोडता येतं.

संगणकावर आधी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बसवा. पट्टी यूएसबीनं जोडा, एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधल्या ब्रेल विभागात डिस्प्ले "ऑटोमॅटिक" करा आणि आउटपुट टेबल, म्हणजे अक्षरांचे ठिपके कोणत्या भाषेच्या नियमानं करायचे ते, मराठी निवडा. टेबल इंग्रजीवर राहिलं तर मराठी मजकूर वाचता येत नाही आणि मूल स्वतःची चूक समजून गप्प बसतं. तपासायला वर्डमध्ये फक्त "अ क म र" लिहा. ठिपक्यांचे क्रमांक डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६ असे असतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, अ म्हणजे १, क म्हणजे १ आणि ३, म म्हणजे १-३-४, र म्हणजे १-२-३-५ हे ठिपके. चारही बरोबर आले तर जोडणी नीट झाली.

वाचण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. हळद, तेल, पिठाचा चिकटा ठिपक्यांच्या भोकांत बसला की ते अडकतात. वापर नसेल तेव्हा पट्टी स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवा. विकत घेण्याआधी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. त्यासाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा.

फोन परत देताना

लावून झालं की तुमचे हात पाठीमागे बांधा. त्या माणसाला तीन कामं करू द्या: एक फोन लावणं, एक मेसेज ऐकणं किंवा वाचणं, आणि त्याच्या गरजेचं एक, मग पीकपेरा असो की बँकेची शिल्लक. जिथे बोट थबकतं ती जागा वहीत लिहा. चार दिवसांनी परत बोलवा, कारण कंपन पहिल्या दिवशी जोराचं वाटतं आणि चौथ्या दिवशी हाताला सवय झालेली असते. जोर कमीजास्त करायचा तो त्या दिवशी. वेचणी संपून हात नरम पडले की टच सेन्सिटिव्हिटी पुन्हा तपासा. ती वाढवलेली राहिली तर नुसतं बोट जवळ नेलं तरी फोन दाबला जातो.